मदत हवी आहे: बाबांचे दोन फिश रिपोर्ट जुळत नाहीत, कोणती लॅब चुकली?

कोलबाडकर: जाणकारांनी लवकर सांगा, शुक्रवारी डॉक्टरकडे जायचंय. २०१९ च्या फिशमध्ये, म्हणजे पेशींतल्या क्रोमोसोमच्या तपासणीत, १३क्यू डिलीशन होतं, १३व्या क्रोमोसोमचा तुकडा गायब. तेव्हा डॉक्टर म्हणाले, यातल्या त्यात बरा प्रकार. आता दुसऱ्या लॅबमध्ये केला तर १७पी डिलीशन, १७व्याचा तुकडा गायब! माणसाचे जीन्स पाच वर्षांत बदलतात का? सँपलची अदलाबदल झालीय, दुसरं काय. लॅबवाल्याशी भांडून आलो, तो ढिम्म. ठाण्यात तिसरी खात्रीची लॅब कोणती?

ऐरोली_नाका: आजार कोणता ते लिहा की राव.

बंड्या_नौपाडा: ल्युकेमियाच असणार. घाबरू नका, माझा मेव्हणा १५ वर्षं गोळ्यांवर आहे, आधी इमॅटिनिब. रोज जेवणानंतर एक गोळी. त्याच्या आजारातल्या बिघडलेल्या क्रोमोसोमला फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणतात, १९६० मध्ये सापडला. मध्ये टी३१५आय म्युटेशन निघालं, त्या गोळीला न जुमानणारा बदल, तेव्हा मात्र

बंड्या_नौपाडा: अर्धवट गेलं. तेव्हा गोळी बदलावी लागली.

स्लाइडवाली: बंड्याभाऊ, तो सीएमएल, वेगळा ब्लड कॅन्सर. १३क्यू, १७पी म्हणजे बहुधा सीएलएल, लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींचा ब्लड कॅन्सर. बरोबर का, धागाकर्ते?

कोलबाडकर: हो, सीएलएलच. फिश म्हटल्यावर कळतं ना.

ऐरोली_नाका: मला पापलेट कळतं.

स्लाइडवाली: १७पी किती टक्के पेशींत? मधे काही उपचार झाले का? आणि त्याच रिपोर्टात १३क्यूसमोर काय लिहिलंय?

कोलबाडकर: ७१ टक्के. उपचार आत्ता नाहीत. २०२१ मध्ये सहा केमो झाल्या, बेंडामस्टिन आणि रितुक्सिमॅब. नंतर काउंट एकदम नॉर्मल होता, म्हणून लिहिलं नाही. १३क्यू पण पॉझिटिव्हच आहे, खालच्या ओळीत. मी वरचंच वाचून निघालो होतो.

स्लाइडवाली: मग सँपल बहुधा बाबांचंच. जुनी खूण तशीच आहे, वर नवी चढलीय. जन्माचे जीन्स बदललेले नाहीत, बदल फक्त कॅन्सरच्या पेशींत आहे. फिशमध्ये साधारण २०० पेशी मोजतो आम्ही. २०१९ मध्ये १७पीवाल्या पेशी अगदी मोजक्या असल्या तर दिसणारच नाहीत. १७पीवर टीपी५३ हा जीन असतो. केमोने पेशीचा डीएनए तुटला की तिला मरायला लावायचं काम त्याचं. तो गेलेल्या पेशी केमोतून वाचतात आणि पुढे त्यांचंच राज्य. म्हणून प्रत्येक नव्या उपचाराआधी फिश आणि टीपी५३ परत करायचे असतात. आयजीएचव्ही या दुसऱ्या जीन टेस्टचं उत्तर मात्र बदलत नाही, ती एकदाच पुरते.

मुरबाडचा_शेतकरी: आमच्याकडे तणनाशक मारलं की मऊ गवत जळतं, लव्हाळा राहतो. पुढच्या साली अख्खं खाचर लव्हाळ्याचं.

निसर्गप्रेमी: म्हणजे केमोनेच वाढवलं! म्हणून सांगत असतो, गव्हांकुर आणि पपईच्या पानांचा रस, २१ दिवस.

मुरबाडचा_शेतकरी: मी असं कुठे म्हटलं? आणि पपई डेंग्यूवाले पितात हो.

स्लाइडवाली: लव्हाळा आधी मूठभर होता की मागाहून उगवला, ते एवढ्यावरून सांगता येत नाही. आणि रसाचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका.

वाशीची_माई: बाळा, आता परत तीच केमो देणार असतील तर आधी विचार. १७पीत ती फारशी लागू पडत नाही. इब्रुटिनिब, अकॅलाब्रुटिनिब किंवा व्हेनेटोक्लॅक्स या गोळ्यांबद्दल बोल. आमच्या ह्यांची इब्रुटिनिबवर चार वर्षं छान गेली, फक्त छातीत धडधडायचं, म्हणून ईसीजी काढायचे. मग तिथेही पेशींनी वाट काढली, ही गोळी ज्याचं प्रोटीन अडवते तो बीटीके जीनच बदलला. आता व्हेनेटोक्लॅक्सवर आहेत. बाबांना गाठी आहेत का? ताप, रात्रीचा घाम?

बंड्या_नौपाडा: खारघरला टाटाचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर सेंटर आहे, तिथे दाखवा. ठाण्याहून पनवेल लोकल थेट खारघरला जाते.

ऐरोली_नाका: रिक्षा स्टेशनबाहेर पूर्वेला की पश्चिमेला?

कोलबाडकर: गाठी नाहीत. घामाने उशी भिजते, पण उकाडाच तसा आहे. बाबा म्हणतात शर्ट आटला, कॉलरचं बटण लागत नाही.

वाशीची_माई: शर्ट आटत नाही रे. मान चाचपून बघ.

कोलबाडकर: बघितली. डावीकडे लिंबाएवढी आहे. गणपतीत नव्हती, आरतीचे फोटो काढून बघितले.

स्लाइडवाली: शुक्रवारपर्यंत थांबू नका. एकच गाठ झपाट्याने वाढली की सीएलएलचा रिख्टर झालाय का ते बघतात. तो वेगवान लिंफोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर असतो, त्याचे उपचारही वेगळे. असेलच असं नाही, पण एलडीएच ही रक्ताची टेस्ट करा. डॉक्टर पेट स्कॅन सांगतील, जिथे जास्त चमकेल तिथली बायोप्सी. तिसरी लॅब राहू दे.

निसर्गप्रेमी: गाठीवर एरंडेल लावा.

वाशीची_माई: निसर्गप्रेमी, तुम्ही जरा गप्प बसा.

कोलबाडकर: डॉक्टरांना फोन लागला. उद्या साडेनऊला बोलावलंय, दोन्ही रिपोर्ट घेऊन. बाबांना अजून शर्टाचंच सांगितलंय. लॅबवाल्यालाही सॉरी म्हणायला फोन केला, उचलत नाही.