मदत हवी आहे: 'गांजातून पुढे हेरॉइन' हे तपासणारी प्रश्नावली

गांजा ओढणारा पुढे हेरॉइनकडे वळतो, असा दावा केला जातो. तो तपासायला गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या उच्च माध्यमिक मुलांसाठी निनावी प्रश्नावली तयार होतेय. हेरॉइन घेणाऱ्यांना मागचं विचारलं तर बहुतेक जण गांजा सांगतात. पण गांजा ओढणाऱ्यांपैकी पुढे किती गेले, हे त्यातून कळतच नाही. म्हणजे प्रमाण काढताना खालचा आकडा (छेद) चुकतो: तिथे सगळे गांजा ओढणारे हवेत, फक्त हेरॉइन घेणारे नव्हेत. शिवाय व्यसनांवर संशोधन करणाऱ्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेनिस कँडेल यांच्या 1975 च्या मांडणीत सुरुवात बिअर-वाइनपासून होते, मग सिगारेट किंवा कडक दारू, गांजा त्यानंतर. गोव्यात दारू वगळून हा प्रश्न विचारणं म्हणजे थट्टाच!

म्हणून तंबाखू, दारू, भांग, गांजा, गोळ्या, प्रत्येकाचं पहिलं वय वेगळं विचारलंय. माल कुठून मिळाला हेही, कारण गांजा आणि पावडर (हेरॉइन) एकाच विक्रेत्याकडे असेल तर दोष पदार्थाचा की बाजाराचा, हे वेगळं काढावं लागतं. घरातलं व्यसन आणि शाळागळती हे रकाने आहेतच.

अडलंय दोन ठिकाणी. न घेतलेलंही घेतलं म्हणणाऱ्यांची फुशारकी पकडायला यादीत अस्तित्वातच नसलेल्या पदार्थाचं एक खोटं नाव घालतात. इथल्या मुलांना खरं वाटेल असं कुठलं? आणि 'भांग' म्हटल्यावर कोकणी बोलणारी मुलं नेमकं काय समजतात, पेय की गांजा? बांबोळीच्या मनोरुग्णालयात किंवा शाळांत समुपदेशन केलेल्यांनी कृपया सांगावं.