उपास, उपवास, उपोषण : पावसासाठीच्या प्रार्थनेला नेमकं काय म्हणायचं?

मूळ प्रश्न

सोलापुरातल्या एका साप्ताहिकासाठी मी बातम्या लिहितो. पाऊस लांबला म्हणून इथल्या एका ख्रिस्ती मंडळीनं, म्हणजे चर्चनं, शुक्रवारी दिवसभर उपास धरून प्रार्थना केली. त्याची छोटी बातमी दिली होती. छापून आली तेव्हा मथळा झाला होता, 'पावसासाठी ख्रिस्ती बांधवांचे उपोषण'. दुसऱ्या दिवशी मंडळीतल्या एका काकांचा फोन : "अहो, आम्ही काय पूनम गेटला बसलो होतो का?" (पूनम गेट म्हणजे आमच्याकडची धरण्या-आंदोलनांची जागा.) संपादक म्हणतात, तिन्ही शब्द एकच, शब्दकोश बघा. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

मी त्याच परंपरेतला, सोलापूरचाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शब्दकोशापुरतं संपादकांचं बरोबर आहे. तिन्हींचं मूळ 'उप + वस्', म्हणजे जवळ राहणं. 'उपोषण' हे त्याच धातूवरून आलेलं, आणि 'उपास' म्हणजे बोलून बोलून झिजलेला 'उपवास'. ('उपासना' मात्र या घरातली नाही. ती 'आस्' म्हणजे बसणे यावरून आली. आमच्याकडे रविवारच्या भक्तीला उपासना म्हणतात, त्यामुळे पुष्कळांची गल्लत होते.) जवळ राहण्याचा न जेवण्याशी काय संबंध? शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात त्याचा उलगडा आहे : यज्ञाच्या आदल्या दिवशी देव यजमानाच्या घरी मुक्कामाला येतात, आणि पाहुण्यांच्या आधी यजमानानं जेवणं बरं नव्हे. बौद्धांचा 'उपोसथ' म्हणजे याच धातूवरच्या 'उपवसथ' शब्दाचं पाली रूप.

पण आज 'उपोषण' म्हटलं की मांडव, फलक, निवेदन आणि शेवटी सरबताचा पेला पुढं करणारा पुढारी डोळ्यांसमोर येतो. आमरण, साखळी, लाक्षणिक ही त्याची विशेषणं. उपोषणाला मागणी असते, आणि ती मान्य करू शकणाऱ्यावर दबाव यावा हाच हेतू असतो. लोकशाहीत त्यात काही गैर नाही. मंडळी मात्र देवावर दबाव आणायला बसत नाही. काकांना लागलं ते इथं.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, संकटकाळचे उपास पुष्कळ आहेत. योएल संदेष्ट्याच्या वेळी टोळांनी शेतं फस्त केली, तेव्हा त्यानं लोकांना उपास आणि रडणं-शोक करत मागं फिरायला सांगितलं, आणि वस्त्रं नव्हे तर अंतःकरणं फाडा असंही बजावलं. एस्तेर राणीनं तीन दिवस अन्नपाणी वर्ज्य केलं. निनवेचा राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला, गुराढोरांनासुद्धा चारापाणी बंद. पण तुमच्या प्रश्नाला नेमकी लागू पडते ती एज्राची हकिकत. बाबेलहून यरुशलेमेला निघालेला काफिला, बरोबर लेकरंबाळं, सोनं-रुपं, आणि वाटेत दरोडेखोर. राजाकडे शिपाई आणि स्वार मागता आले असते. पण 'आमचा देव आम्हाला सांभाळतो' असं राजाला आधीच सांगून बसलेला एज्रा, त्याला ते मागायची लाज वाटली. म्हणून अहवा नदीकाठी त्यानं सगळ्यांना उपास धरायला लावला. राजाकडे जायचं नाही असं ठरल्यावर धरलेला उपास होता तो. त्याला 'उपोषण' म्हटलं तर सगळा अर्थच पालटतो.

शास्त्रातल्या लेवीय या पुस्तकात याच अर्थी 'जिवास दंडन करणे' असं म्हटलंय. तो शब्दप्रयोग मला फार मोलाचा वाटतो, कारण पोट रिकामं ठेवण्यापेक्षा तो खोल जातो. आणि हे दंडन मिरवायचं नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो, उपास करताना ढोंग्यांसारखे 'म्लानमुख' होऊ नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. म्हणून आमच्याकडे उपासाच्या दिवशीही माणसं धुतलेले कपडे घालून, केस नीट विंचरून येतात.

प्रतिसाद

शेवटी हा नवसच ना? नावं वेगळी, इतकंच. पाऊस पाड, आम्ही उपास करतो.

प्रतिसाद (वरच्याच सोलापूरकराचा)

दादा, क्रियापदं बघा. नवस 'बोलतात' आणि 'फेडतात', त्यात देणं-घेणं आहे. उपास 'धरतात' आणि 'सोडतात'. दावीद राजाचं लेकरू आजारी पडलं तेव्हा तो उपास धरून जमिनीवर पडून राहिला, कुणी उठवलं तरी उठेना. सातव्या दिवशी लेकरू गेलं. चाकरांना सांगायची भीती, की आता हा जिवाचं काही बरंवाईट करून घेईल. दावीद उठला, अंघोळ केली, तेल लावलं, कपडे बदलले, परमेश्वराच्या घरात जाऊन नमन केलं आणि मग घरी येऊन जेवला. मागितलेलं मिळालं नव्हतं. नवस असता तर फेडायचा प्रश्नच नव्हता, आणि नमन करायचंही कारण नव्हतं. गेल्या काही वर्षांत आमच्यातल्या कितीतरी घरांनी रुग्णालयाबाहेर असे उपास धरले. काही माणसं घरी आली, काही आली नाहीत. जी आली नाहीत त्यांच्या घरचा उपास वाया गेला असं मी म्हणू शकत नाही.

वर दिलेल्या 'जवळ राहणं' या अर्थाबद्दलही एक सांगायचं राहिलं. शुभवर्तमानात हिशेब उलटा आहे. शिष्य उपास का करत नाहीत असं विचारल्यावर येशू म्हणतो, वर बरोबर असताना वऱ्हाड्यांनी उपास कसा करायचा? वर काढून घेतला जाईल तेव्हा ते करतील. शतपथात देव आले म्हणून जेवायचं नाही, इथं तो जवळ आहे तोवर जेवायचं. आमचा उपास त्या दुराव्यातला आहे.

प्रतिसाद

सोलापूरच्या पूर्व भागातून. आमच्या घरी तेलुगूत 'ओक्कपोद्दु' म्हणतात, एक वेळ जेवून राहणं. शेजारच्या कन्नड घरात 'ओप्पत्तु', तोच अर्थ. पण आमच्या चर्चची तेलुगू सभा असली की 'उपवास प्रार्थना' हाच शब्द. मराठी मंडळीत 'उपास-प्रार्थना'. मोडतोड न करता हा जोडशब्द तिकडून इकडे चालतो. एक शंका : मराठी शेजारीण नेहमी विचारते, "तुमच्यात उपासाला काय चालतं?" काय सांगायचं?

प्रतिसाद (सोलापूरकर)

ताई, माझं उत्तर 'पाणी'. आमच्यात 'फराळ' हा शब्दच उपासाला जोडून येत नाही, त्यामुळे साबुदाणा-भगरीचा प्रश्न उठत नाही. कॅथलिक बांधवांत नियम आहे : राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्यांनी एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं, आणि मांस नाही. आजारी माणसाला सूट. आमच्या मंडळीत नियम नाही, पण साखरेची गोळी चालू असलेल्यांना पाळकच सांगतात की तुम्ही जेवून या आणि प्रार्थनेला बसा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मराठीत उपास 'केला' आणि उपास 'काढले' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. १९७२च्या दुष्काळाबद्दल आमच्याकडची वडीलधारी माणसं 'उपास काढले' म्हणतात. मदतीच्या सुकडीवर आणि लाल मिलो ज्वारीवर दिवस ढकललेला माणूस 'उपास केले' म्हणणार नाही. माग बंद पडला की घरात उपास 'पडतात'. ज्याच्या घरात भाकरी आहे त्यालाच उपास 'करता' येतो. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोक तक्रार करतात, आम्ही उपास करतो आणि तू बघत नाहीस. उत्तर येतं : उपासाच्याच दिवशी तुम्ही मजुरांना राबवून घेता. मला आवडणारा उपास म्हणजे जुलमाच्या बेड्या तोडणं आणि आपली भाकरी भुकेल्याला वाटून देणं.

त्या शुक्रवारी आमच्या मंडळीच्या दाराशी एक मोठा स्टीलचा डबा ठेवला होता. आत येणारा प्रत्येक जण घरून आणलेलं ज्वारीचं पीठ त्यात ओतत होता, त्या दिवशी न थापलेल्या भाकरींचं. कुणी कागदात बांधून आणलेलं, कुणी वाटीत, एका म्हाताऱ्या बाईंनी पदराच्या गाठीत. दुपारी तीनपर्यंत डबा काठोकाठ भरला, आणि संध्याकाळी तो माग बंद असलेल्या घरांकडे गेला. तुमच्या बातमीत हे आलं नव्हतं. पुढच्या अंकात दोन ओळी द्याच.

मूळ प्रश्नकर्ता

नक्की देतो. मथळा 'पावसासाठी मंडळीची उपास-प्रार्थना' असा करू? 'उपवास' चालेल का? आणि संध्याकाळी 'पारणं केलं' लिहू की 'उपास मोडला'?

प्रतिसाद (सोलापूरकर)

मथळा उत्तम. 'उपवास' चुकीचा नाही, काही भाषांतरांत तोच आहे, पण मंडळीच्या तोंडी 'उपास' आहे. 'पारणं' एकादशीच्या व्रताचं, ते इथं नको. 'मोडला' तर मुळीच नको, वेळेआधी खाल्लं तर उपास मोडतो. 'सोडला' लिहा. गुळाचा खडा आणि पाणी घेऊन सोडला, हवं तर तेही लिहा.