आभाळातला उजेड: तुमच्या शिवारातून काय दिसलं?

नवतपा संपून मृगाची पहिली दमदार सर पडली की आमच्या वर्ध्याकडचं मातकट आभाळ दुसऱ्या दिवशी लख्ख निळं होतं. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून निळाई. धुळीचे कण मोठे, ते सगळेच रंग विखुरतात आणि आभाळ पांढुरकं पडतं. असं काही पाहिलं असेल तर लिहा. फोटो नसला तरी चालेल, पण वेळ आणि हवा कशी होती ते सांगाच. त्याशिवाय कारण सापडत नाही.

दारव्हा
उन्हाळ्याच्या तोंडावर पऱ्हाटी जाळतात तेव्हा मावळतीचा सूर्य तांबडाभडक आणि चपटा दिसतो. तांबडेपणा धुराचा आणि हवेच्या जाड थराचा. चपटेपणा मात्र धुराचा नाही. क्षितिजाजवळ हवा प्रकाशाला साधारण अर्धा अंश वाकवते आणि बिंबाची खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते. बिंबही अर्ध्या अंशाचंच. म्हणजे ते क्षितिजाला टेकलेलं दिसतं तेव्हा खरा सूर्य खाली गेलेला असतो!

मेहकर
गव्हाला रात्रपाळीचं पाणी देताना चंद्राला खळं दिसलं. हात लांब करून अंगठा चंद्रावर ठेवला आणि वीत ताणली, तर करंगळी बरोबर कड्यावर. ते कडं २२ अंशांचं असतं, आतली कड किंचित तांबूस. उंचावरच्या पातळ ढगांतले बर्फाचे षटकोनी स्फटिक प्रकाश वळवतात, त्यामुळे ते पडतं. आजी म्हणायची, खळं पडलं की पाऊस येतो. दरवेळी येत नाही, पण असे ढग बऱ्याचदा पावसाळी हवेच्या पुढे चालतात, तेव्हा तिचं म्हणणं मी सोडून देत नाही.

चिखलदरा
थंडीत व्याधाचा तारा उगवताना लाल, हिरवा, निळा असा झपझप बदलतो. वर चढला की शांत होतो, कारण मधली हवा कमी होते.

सिंदेवाही
२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आभाळ निरभ्र. पेटते तुकडे एका रांगेत, सावकाश, आवाज न करता सरकत गेले. उल्का क्षणात विझते. हे बराच वेळ दिसत राहिलं. चिनी रॉकेटचा टप्पा असावा, असं अभ्यासकांनी सांगितलं. अशा वेगाने येणाऱ्या वस्तूपुढची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते, तो तिचाच उजेड. सगळं जळालं मात्र नाही: लाडबोरीत धातूचं मोठं कडं पडलेलं सापडलं.