विषय: ले-ऑफ झालेल्यांसाठी मंडळाची यादी – आणि साठ दिवसांचा हिशोब

प्रेषक: कार्यकारिणी, बे एरिया

नमस्कार मंडळी,
नोकरी गेलेल्या सभासदांचे रेझ्युमे एकत्र करून सगळ्यांना पाठवायचा विचार आहे. हरकत नसेल तर या रविवारपासून सुरू करू.

---

प्रेषक: एक सभासद (भरती क्षेत्र)

> रेझ्युमे एकत्र करून

कृपया नको. चाळीस रेझ्युमेंचा गठ्ठा कोणी उघडत नाही. रेफरल (कंपनीतल्या माणसाने केलेली शिफारस) लागतं ते ठरावीक जॉब आयडीला, म्हणजे त्या जागेच्या जाहिरातीतल्या क्रमांकाला. सभासदानेच आयडी शोधावा, त्या जागेशी आपलं काम कसं जुळतं ते दोन ओळींत लिहावं आणि त्या कंपनीतल्या आपल्या माणसाला द्यावं. आधी स्वतः अर्ज टाकून मग रेफरल मागू नका; बऱ्याच कंपन्यांत मग ते जोडता येत नाही.

यादीत एक रकाना मात्र हवाच: एच-वन-बी (कंपनीमार्फत मिळणारा नोकरीचा व्हिसा) असल्यास नोकरीचा शेवटचा दिवस. नोकरी गेल्यावर अमेरिकेत राहायची मुदत जास्तीत जास्त ६० दिवस, आय-९४ (राहायच्या परवानगीची नोंद) आधी संपत असेल तर तेवढीच. शेवटचा दिवस ३ मार्च, तर २ मे. सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनी देते ते पैसे) तीन महिन्यांचा मिळाला म्हणून मुदत वाढत नाही. घोटाळा नेमका इथेच होतो. नव्या कंपनीचा अर्ज २ मेपर्यंत इमिग्रेशन खात्यात पोचलेला हवा. त्याआधी एलसीएला (कंपनीने कामगार खात्याकडून मंजूर करून घ्यायचा अर्ज) कामाचे सात दिवस, शिवाय बॅकग्राउंड चेक आणि वकिलाची कागदपत्रं. म्हणजे ऑफर एप्रिलच्या मध्यापर्यंत हातात हवी. यादी नोकरीच्या शेवटच्या दिवसानुसार लावा, आडनावानुसार नको.

---

प्रेषक: एक सभासद

वरच्या मेलला पुरवणी. एच-फोरवरच्या (एच-वन-बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) जोडीदाराची आणि मुलांची मुदतही त्याच तारखेशी बांधलेली असते. जोडीदाराचं स्वतःचं एच-वन-बी असेल तर मुदतीत आय-५३९ (व्हिसाचा प्रकार बदलायचा फॉर्म) भरून एच-फोर मागता येतं. बी-टू (पर्यटक व्हिसा) मागायचं तरी फॉर्म तोच. निकाल येईपर्यंत राहता येतं, काम करता येत नाही. आणि साठ दिवस उलटल्यावर नव्या कंपनीचा अर्ज गेला, तर नुसत्या पावतीवर रुजू होता येत नाही, मंजुरीची वाट पाहावी लागते. तिथे लवकर निकालासाठीच्या प्रीमियम प्रोसेसिंगचे पैसे कंपनीकडून मागून घ्यावेत. प्रत्येकाची केस वेगळी, म्हणून पहिल्याच आठवड्यात वकील गाठा.

कोब्रा (जुन्या कंपनीचा आरोग्य विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवायची सोय) घ्यायचं की नाही हे ठरवायलाही ६० दिवस मिळतात. घेतलं की विमा बंद झाल्या दिवसापासून लागू होतो, हप्ते मात्र मागचेही भरावे लागतात, तेही पूर्ण प्रीमियम अधिक दोन टक्के.

वय चाळीस किंवा जास्त असेल तर सेव्हरन्सच्या कागदावर त्याच दिवशी सही करायची घाई नको. विचाराला २१ दिवस मिळतात, एकदम अनेकांना काढलं असेल तर ४५, आणि सहीनंतर मागे घ्यायला ७. कॅलिफोर्नियात शेवटचा पगार आणि शिल्लक सुटीचे पैसे काढल्या दिवशीच मिळायला हवेत. सहीशी त्यांचा संबंध नाही.

---

प्रेषक: कार्यकारिणी

गठ्ठा रद्द. रकाने: कामाचं क्षेत्र, हवी ती कंपनी, जॉब आयडी, शेवटचा दिवस. शेवटचा रकाना फक्त समितीला दिसेल.