भिंतीवरची वेल 'उपटायची' की 'सोडवायची'?

पानवाटा: बागकामाच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय, त्यात घराच्या भिंतीवर चढलेली आयव्ही कशी काढायची ते आहे. मी लिहिलं 'वेल उपटावी'. तपासणाऱ्यांनी खाडाखोड केली, म्हणे उपटायचं ते जमिनीतलं, गवत, मुळा वगैरे. आमच्या घरी तर सगळे वेल उपटूनच टाकतात. काय लिहू?

रानजाई: तपासणाऱ्यांचं बरोबर आहे, आणि हे नुसतं भाषेपुरतं नाही. मी एकदा हिरवीगार आयव्ही धरून ओढली तर गिलाव्याचे पोपडेच हातात आले, कारण तिच्या खोडाला बारीक मुळं फुटतात आणि त्यातल्या चिकट रसाने ती भिंत धरून ठेवते. आधी बुंध्याशी कापायची, काही आठवडे वाळू द्यायची, मग हलक्या हाताने सोडवायची. 'उपटा' वाचलं की माणूस जोर लावणारच!

जुनाकोश: सोडवतात गुंता नाहीतर गणित. चिकटलेलं 'खरवडतात'.

रानजाई: काका, खरवडायची ती मागे राहिलेली मुळं, ताठ ब्रशने. अख्खी वेल कशी खरवडणार?

मायबोल: मुळात आयव्ही कशाला? 'भिंतवेल' म्हणा की. नाहीतर सरळ बांडगूळ.

रानजाई: बांडगूळ अजिबात नाही, ते दुसऱ्या झाडातून रस शोषतं, आयव्ही फक्त आधार घेते. आणि भिंतवेल म्हटलं तर कुठली? बोस्टन आयव्ही नावाची वेल द्राक्षाच्या कुळातली, ती तणाव्यांच्या टोकाला असलेल्या चिकट चकत्यांनी चढते. आयव्ही हे नाव राहू दे, कळतंय सगळ्यांना.

मायबोल: असं करत करत एक दिवस एकही मराठी नाव उरणार नाही.

जुनाकोश: एक गंमत बघा. संस्कृतात 'विलग्न' म्हणजे चिकटलेलं, माझ्या मते आपलं 'बिलगणे' त्यातूनच आलं. आणि मराठीत 'विलग' म्हणजे वेगळं! म्हणजे भिंतीला बिलगलेली वेल आपण विलग करतो. पानवाटाताई, 'विलग करावी' लिहा.

पानवाटा: छान आहे पण पुस्तिकेत फार जड वाटेल हो, वाचणारा हातात कात्री घेऊन उभा असणार.

सांजवात: मघापासून सगळे 'ती वेल' म्हणताय. आमच्याकडे 'तो वेल' म्हणतात, 'वेल चढला'. स्त्रीलिंगी हवं असेल तर 'वेली' आहे ना?

जुनाकोश: दोन्ही चालतं, कोशात दोन्ही लिंगं दिलीयेत.

सांजवात: कोशात असेल, पण 'वेल चढली' माझ्या कानाला अजूनही खटकतं.