सीसीएनए दुसऱ्यांदा देतोय: घरून देऊ की सेंटरवर? आणि राउटिंग कसं पक्कं करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी देवगड तालुक्यातला, गेली चार वर्षं केबल इंटरनेटच्या कामावर आहे, म्हणजे फायबर ओढणे, जोडणे, घरोघरी राउटर बसवणे आणि तक्रार आली की शिडी घेऊन पळणे. एप्रिलमध्ये सीसीएनएचा, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग परीक्षेचा, पेपर दिला, २००-३०१ नंबरचा, आणि नापास झालो. फी ३०० डॉलर, वर टॅक्स वेगळा, ते पैसे मी गेल्या सीझनला रात्री आंब्याच्या पेट्या भरायला जाऊन जमवले होते, त्यामुळे यावेळी नीट विचारून मगच बुकिंग करणार आहे.

रिपोर्टमध्ये विभागवार टक्के येतात. नेटवर्क फंडामेंटल्स ८०, नेटवर्क ॲक्सेस ७०, आणि आयपी कनेक्टिव्हिटी, म्हणजे राउटिंग, ३६! आणि पेपरात सगळ्यात जास्त वजन त्याच विभागाला, २५ टक्के. पास व्हायला किती लागतात ते सिस्को जाहीर करत नाही, पण ३६ वर भागत नसणार हे कळतंच की.

हाताचं काम मला येतं. केबलच्या आठ तारांचा रंगक्रम अंधारातसुद्धा बॅटरी तोंडात धरून लावतो, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आमच्या इथे खाऱ्या वाऱ्याने कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, त्या बघूनच मी सांगतो की लिंक सारखी का तुटतेय. पण स्क्रीनवर राउटिंग टेबल (कुठल्या पत्त्याला कुठली वाट, त्याची यादी) आलं आणि पॅकेट कुठून जाईल विचारलं की माझा गोंधळ होतो. मी आपला लहान ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (वाट किती भरवशाची याचा आकडा, लहान तेवढा चांगला) बघत बसतो, हाताने घातलेली स्टॅटिक वाट १, राउटरनी आपसात बोलून शोधलेली ओएसपीएफ वाट ११०, म्हणजे स्टॅटिकच जिंकणार. सराव परीक्षेत हे उत्तर सारखं चुकतंय आणि का ते कळत नाही.

दुसरं म्हणजे वेळ. १२० मिनिटं, आणि पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. लॅबवर, म्हणजे स्क्रीनवर राउटर सेट करून दाखवायच्या प्रश्नावर, एवढा अडकलो की शेवटी प्रश्न न वाचताच क्लिक करत गेलो.

तिसरं, घरून द्यायचा का? जून लागलाय, आमच्याकडे फांदी पडली की दोन-दोन तास लाईट नसते. शिवाय पेपर चालू असताना खोलीत कोणी येऊन चालत नाही, आणि आजीला कितीही सांगितलं तरी मी सकाळपासून उपाशी बसलोय म्हणून ती चहा घेऊन येणारच. पण सेंटर म्हणजे पुणे नाहीतर मुंबई, दोन दिवसांचा रोज बुडतो. गणपतीच्या आधी उरकायचं आहे, कारण चाकरमानी आले की आमच्या कामाला दिवस-रात्र राहत नाही. गोव्यात वेर्ण्याला एक नोकरी आहे, तिथे हे सर्टिफिकेट मागतात.

डंप्स (परीक्षेतले फुटलेले प्रश्न) कोणी सुचवू नका. एकाने व्हॉट्सॲपवर पाठवले होते, मी डिलीट केले. मला विषय यायला हवा आहे.

कातळसडा:
भावा, तुझा घोटाळा एकाच जागी आहे. राउटर आधी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स बघतच नाही. पॅकेटच्या पत्त्याला जुळणाऱ्या रूटपैकी सगळ्यात लांब प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा ठरलेला भाग, तिरक्या रेघेनंतरचा आकडा त्याची लांबी) कुठला, ते आधी. पोस्टमनकडे एका चिठ्ठीसाठी "तालुका देवगड" आणि "खालची वाडी" अशा दोन वाटा असतील तर तो वाडीचीच धरणार, तालुक्याची वाट कितीही भरवशाची असली तरी. समज टेबलात स्टॅटिक १०.१०.०.०/१६ आहे आणि ओएसपीएफचा १०.१०.१.१२८/२५ आहे, पॅकेट १०.१०.१.२०० ला चाललंय, तर ओएसपीएफवालाच घेतला जाणार. डिस्टन्सची तुलना कधी, तर अगदी तोच प्रीफिक्स दोन वेगवेगळ्या मार्गांनी कळला तर, आणि ती टेबलात कोणाला घालायचं हे ठरवताना. एकाच प्रोटोकॉलचे दोन रूट असले तर मेट्रिक, म्हणजे वाटेचा खर्च, बघतात. पॅकेट ट्रेसर, म्हणजे कॉम्प्युटरवर खोटं नेटवर्क उभं करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, त्यात तीन राउटर जोडून हे स्वतः कर आणि "शो आयपी रूट" कमांड मारून टेबल बघ.

रापणकर:
झिला, घाबरा नको, सगळा होतला. मी गेल्या पावसात घरून दिला, इन्व्हर्टर होता म्हणून निभावलं, पण लाईट गेली की गल्लीतला बॉक्सपण बंद पडतो हे तुला मी काय सांगायचं, तूच तो दुरुस्त करतोस. सेंटरलाच जा. रात्रीची कोकणकन्या पकड, पण पावसाळी वेळापत्रक बघून घे आणि पेपर दुपारचा घे, दरड आली तर सकाळचा चुकतो.

लॅबबद्दल: काय मागितलंय ते आधी पूर्ण वाच, मग हात लाव. सेव्ह करायला सांगितलं असेल तर "कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग" विसरू नको. मी घड्याळ लावून सराव करायचो, दहा मिनिटांत झाली नाही की सोडून पुढची.

माडबन_८२:
सबनेटिंगला, म्हणजे पत्त्यावरून त्याच्या नेटवर्कचा पहिला (नेटवर्क) आणि शेवटचा (ब्रॉडकास्ट) पत्ता काढायला, किती वेळ लागतो तुला? तिथे वाचलेली मिनिटं लॅबला मिळतात. बायनरी मांडत बसू नकोस, ब्लॉक काढ. १७२.१६.३५.१२३/२० घे. मास्क २५५.२५५.२४०.०, २५६ वजा २४० म्हणजे १६ चा ब्लॉक, तिसऱ्या आकड्यात ०, १६, ३२, ४८. ३५ बसतो ३२ मध्ये. नेटवर्क १७२.१६.३२.०, ब्रॉडकास्ट १७२.१६.४७.२५५. रोज दहा गणितं कर, एकाला अर्ध्या मिनिटाच्या वर लागता नये.

मूळ लेखक:
कातळसडा दादा, तुमचं वाचून लगेच बसलो. तीन राउटर जोडले, /१६ चा स्टॅटिक मुद्दाम चुकीच्या बाजूला टाकला, आणि पिंग तरीही ओएसपीएफच्या वाटेने गेला. चार महिने जे उलटं धरून बसलो होतो ते समोर दिसलं, खूप बरं वाटलं.

सेंटरचं ठरलं, पुणे. जुलैअखेरची दुपारची वेळ बघतो. माडबन, लाईट नव्हती तेव्हा वहीत दहा गणितं केली, शेवटचं एवढं तपासून द्या: १०.४.९७.२००/२१. ब्लॉक ८, ९७ च्या खाली ९६, म्हणून नेटवर्क १०.४.९६.० आणि ब्रॉडकास्ट १०.४.१०३.२५५. चाळीस सेकंद लागले. बरोबर आहे का?