गळाला लागलेला मासा: पिशवीत की परत पाण्यात? (अनुभव सांगा)

काठावरचा
गेल्या रविवारी लेकीला घेऊन वालदेवी धरणावर गेलो होतो, नुसता डबा खायला. शेजारी तीन पोरं, महागातले रॉड, रिळं, गॉगल. एकाला कटला लागला, तीनेक किलोचा असेल. ओढून काठावरच्या तापलेल्या दगडावर ठेवला आणि फोटो सुरू. एकट्याचा, मग तिघांचा, मग व्हिडिओ, त्यात वाऱ्याचा आवाज आला म्हणून परत व्हिडिओ. शेवटी "जा भो, जगून घे" म्हणत लांब भिरकावला. टाळ्या वगैरे. आमचा दहीभात संपेस्तोवर तोच कटला पांढरं पोट वर करून काठाला लागला. लेक म्हणाली, "पप्पा, त्यांनी सोडला होता ना?"

तेव्हापासून एक जुनी मरळ डोक्यातून जात नाहीये.

मी आठवीत होतो. नाना (माझे वडील) एकलहऱ्याला कामाला. सुट्टीला दारणेच्या काठी गळ टाकायचे. रॉड कसला, बांबूची काठी, तंगूस (नायलॉनची दोरी) आणि बुचाचा तुकडा. पावसाळ्याचे दिवस, गढूळ पाणी. गवताच्या कडेला लालसर पिल्लांचा गोळा दिसला, तव्याएवढा. सगळा गोळा एकदम वर यायचा, पाण्यावर सर पडल्यासारखं व्हायचं, की परत खाली. नानांनी गळाला बेडकुळी लावली आणि बरोब्बर त्या गोळ्यात टाकली. मरळ तेव्हा भुकेने गळ धरत नाही, पिल्लांत कोण घुसलं म्हणून अंगावर येते. दुसऱ्याच फेकीला आई आली. ओल्या पोत्यात घातली, घरी पोचलो तेव्हाही जिवंत.

निघताना मी मागे वळून बघितलं, तेच चुकलं. गोळा तिथेच फिरत होता. खालून काहीतरी आलं आणि गोळ्याचा एका बाजूचा लचका गेला. थोड्या वेळाने दुसरा. नाना म्हणाले, चल, बस चुकेल. रात्री कालवण झालं, मीही खाल्लं. चांगलं झालं होतं, खोटं कशाला बोलू.

नानांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची गळाची डबी अजून माझ्याकडे आहे. सोडलेला मेला आणि नेलेला पोटात गेला, मग त्या पोरांना नावं ठेवायचा मला हक्क आहे का, एवढंच विचारायचंय. तुमचे अनुभव लिहा.

पंचवटीतला_पंचा
दारणा!! आमचे आजोबा सांगायचे धरण 1916 चं, इंग्रजांच्या वेळचं. नांदगावला मावशीकडे गेलो की तिथेच पडीक. मासा एकही मिळाला नाही, पण गांडुळं शोधण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं.

रीळवाला
त्या पोरांचं सोडणं चुकलं नाही, पद्धत चुकली. मी बारा वर्षं सोडतोय. काट्याचा उलटा दात पक्कडने दाबून टाकायचा, मग काटा एका हिसक्यात निघतो. हात आधी ओले करायचे. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं कवच, कोरड्या हाताने किंवा दगडावर तो निघाला की जखमेत बुरशी धरते. पाण्याबाहेर जेवढा वेळ तुम्ही स्वतः श्वास रोखू शकता तेवढाच ठेवायचा. भिरकावायचा तर कधीच नाही. तोंड प्रवाहाकडे करून हातात धरायचा, तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत. आणि एप्रिल-मे मध्ये मी जातच नाही. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी, दमलेला मासा सावरत नाही.
काटा खोल गिळला असेल तर ओढू नका, तंगूस तोंडाजवळ कापा.

इगतपुरीची_सून
सासूबाई म्हणायच्या पहिल्या पावसात ओहोळाला चढणारे मासे धरू नये, पोटात गाभोळी (अंडी) असते, पाप लागतं. आणि तळलेली गाभोळी सगळ्यात आधी ताटात कुणाला लागायची? सासूबाईंनाच 😄

शुद्धशाकाहारी_सिडको
सोडायचाच आहे तर पकडायचा कशाला?

रीळवाला
@सिडको, तुम्ही पतंग कापून परत का उडवता?

शुद्धशाकाहारी_सिडको
पतंगाच्या ओठात काटा नसतो हो.

येवलेकर
पतंगाचा विषय निघालाच आहे तर, यंदा संक्रांतीला कोण येतंय येवल्याला?

भोयाची_लेक
तुम्हा सगळ्यांचं वाचलं. आमच्या घरी चार पिढ्या जाळं. माझा बाप पहाटे तीनला पाण्यात उतरतो, माझी फी त्यावर झाली. फेकजाळ्यात चिलापी आली की कधी कधी तिच्या तोंडातून पिल्लं बाहेर पडतात, ती तोंडात सांभाळते ना. आम्ही मोजत नाही, रडत नाही. घर चालवायचं असतं.
पण बापाचा एक नियम आहे, बारीक आसाचं (भोकांचं) जाळं नाही. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) धरली तर पुढच्या वर्षी काय धरणार. तो दया वगैरे म्हणत नाही, उधारी म्हणतो.
आणि एक. धरणात मासेमारीचा ठेका मच्छीमारांच्या संस्थेचा असतो, माशांचं बीज संस्था पैसे भरून सोडते. तुम्ही रविवारचे लोक "आम्ही सोडतो हो" म्हणता तेव्हा विचारून तरी गळ टाकता का?

काठावरचा
@भोयाची_लेक, नाही विचारलं कधी. नानांनीही नसेल विचारलं.

रीळवाला
मीपण पहिली तीन वर्षं नाही विचारलं. आता संस्थेच्या माणसाला भेटून जातो. चहा तोच पाजतो वर.

बोटात_गळ
माझं नाव बघून कळलंच असेल. गंगापूर धरणाचं बॅकवॉटर, मित्राने मागे न बघता रॉड फिरवला, काटा माझ्या अंगठ्यात दातासकट. स्कूटरवरून दवाखान्यात, अंगठ्याला तंगूस लोंबतंय, सिग्नलला लोक बघतायत. डॉक्टर म्हणाले, "कितीचा लागला?" मी म्हटलं सत्तर किलोचा. त्यानंतर उलटा दात दाबल्याशिवाय गळ टाकत नाही, मासा गेला खड्ड्यात, अंगठा माझा आहे.

पंचवटीतला_पंचा
😂😂 सोडला का मग तुला?

म्युनिकचा_नाशिककर
इथे उलटंच आहे. इथे मासेमारीच्या परवान्यासाठी आधी परीक्षा द्यावी लागते, मी माशांची जर्मन नावं पाठ करत बसलो होतो. आणि बव्हेरियात खाण्याजोगा, मापात बसणारा मासा मुद्दाम सोडणं नियमात बसत नाही. तर्क असा की प्राण्याला त्रास द्यायचा तर सबळ कारण हवं. खाणं हे कारण, गंमत हे नाही. मापापेक्षा लहान किंवा बंदीच्या काळातला मात्र सोडायचाच. न्यायचा तो आधी डोक्यात मारून बेशुद्ध करायचा, मगच कापायचा. स्वित्झर्लंडमध्येही सोडायच्या इराद्याने गळ टाकायला मनाई आहे.
पहिल्यांदा मारताना हात थरथरला माझा. नाशकात मासा आपोआप पिशवीत मरायचा, आपण बघायचो नाही. आता तेच जास्त वाईट वाटतं.

मास्तर_निवृत्त
माशाला दुखतं का, यावर 2003 मध्ये लिन स्नेडन यांनी ट्राउट माशांवर प्रयोग केले. ओठात मधमाशीचं विष किंवा ॲसिटिक आम्ल टोचलं, तर मासे डुलायला लागले, आम्लवाले ओठ तळाच्या खड्यांवर घासायला लागले, बराच वेळ खाईनात. काही शास्त्रज्ञ ही वेदना मानत नाहीत, माशाच्या मेंदूत तसा भागच नाही म्हणतात. मी वर्गात दोन्ही बाजू सांगायचो. मुलं एकच विचारायची, सर, तुम्ही सुरमई खाता का?

बोटात_गळ
खाता का? 😀

मास्तर_निवृत्त
बुधवारी आणि रविवारी. श्रावण सोडून.

द्राक्षवाला_दिंडोरी
बागेच्या शेततळ्यात रोहू सोडलेत. पाहुणे आले की गळ घेऊन बसतात, मी सांगतो सोडून द्या. त्यातला एक दरवेळी लागतो. ओठाची डावी बाजू फाटून लोंबते, खपलीवर खपली. पोरांनी त्याचं नाव बंड्या ठेवलंय, कौतुक करतात, "बघा बंड्या पुन्हा आला". मागच्या महिन्यात माझ्याच हातात आला. तो ओठ बघितला आणि वाटलं, याला पहिल्याच दिवशी खाल्ला असता तर बरं झालं असतं याचं. सोडला तरी. आता त्या कोपऱ्यात गळ बंद.
(बाकी तळ्याचा प्लास्टिकचा कागद फाटलाय, कुणाकडे चांगला वेल्डिंगवाला आहे का?)

येवलेकर
@द्राक्षवाला निरोप केलाय. पिंपळगावचा माणूस आहे, कागद झकास जोडतो.

नांदूरचा_बगळा
थाई मांगूर लागला तर मात्र दया नको. देशात 2000 पासून बंदी आहे, आपले देशी मासे साफ करतो. "जीव आहे हो" म्हणत नदीत परत सोडणारा काय काय मारतोय ते त्याला कळत नाही.
आणि नांदूर मधमेश्वरला कुणी गळ घेऊन येऊ नका, अभयारण्य आहे, रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आहे. दुर्बीण आणा.

त्र्यंबकची_वैतरणा
आमच्याकडे उगम पावणारी वैतरणा खाली वाड्याकडे जाते तेव्हा तिळसे गावाला शंकराचं देऊळ आहे. तिथल्या डोहातले महाशीर कुणी धरत नाही, देवाचे मासे. मी मुरमुरे टाकले, हाताएवढे मासे पायाशी. सोबतचा चुलतभाऊ गळवाला, दोन तास नुसता हात चोळत बघत बसला.

मरळप्रेमी
मूळ लेखावर लिहायचं राहिलं सगळ्यांचं. काठावरचा, ती आईच होती हे कशावरून? मरळीत राखणीला बापही असतो, नर-मादी दोघं गोळ्याभोवती फिरतात. कदाचित एक मागे उरलाही असेल. आम्ही गोळा दिसला की काठी गुंडाळतो, गावात सगळे तसं करतात असं नाही.

काठावरचा
बाप असेल हे तीस वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही माझ्या.

इगतपुरीची_सून
❤️

काठावरचा
लेक म्हणतेय पुढच्या रविवारी गळ टाकू. नानांच्या डबीतले काटे काढलेत, गंजलेत पण टोक आहे. पक्कड शोधतोय. ती म्हणते एक लागला तर खायचा, दुसरा लागला तर सोडायचा. मी म्हटलं पहिलाच लागू दे आधी.

भोयाची_लेक
दारणेला जाताय तर आधी संस्थेत विचारा. आणि एकच आणलात तर मरळ आणा, काटे कमी, पोरीला सोपी जाईल.

पंचवटीतला_पंचा
कालवणाला खोबरं भाजून की कच्चं?

इगतपुरीची_सून
भाजून. कांदाही भाजून. आणि त्यात दही घालणाऱ्यांनी इथे लिहू नये.

बोटात_गळ
दह्याने काय बिघडतं?